न मिटलेली झांज

मी एक जुनी झांज आहे, पण मित्रांनो, मी एकटी नाही. आम्ही दोघी जुळ्या. झांज एकटी राहिली की तिची नुसती ताटली होते. कुणी तिच्यात शेंगदाणे काढून ठेवावेत, एवढाच तिचा उपयोग. आमची पोटं वाटीसारखी फुगीर आहेत आणि कडा पातळ, किंचित वर वळलेल्या. पोटाच्या मधोमध भोक आहे आणि त्यातून लाल फडकं ओवलेलं आहे. ते मुठीत धरून आम्हाला वाजवतात. आता त्या फडक्याला लाल म्हणणारं कुणी राहिलेलं नाही.

माझा जन्म अंधारात झाला. भट्टीच्या खोलीला खिडकी ठेवत नसत, कारण काशाचा गोळा किती तापला हे त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं, आणि उजेडात रंग फसवतो. तांबं आणि कथील एकत्र वितळलं, त्याची जाड भाकरी झाली, ती लाल झाल्यावर तिच्यावर आळीपाळीने घण पडले. मग मला मिठाच्या पाण्यात बुडवलं. मी किंचाळले. कारागीर म्हणाला, "रडू दे. आत्ता रडली तर पुढे गाईल." सगळं झाल्यावर त्याने एक लहान हातोडी घेतली आणि माझ्या पोटाच्या कडेला एकच ठोका दिला. त्या ठोक्याने माझा सूर ठरला. तो चुकला असता तर मला पुन्हा वितळवलं असतं.

मला घ्यायला आले ते म्हातारे लुक. त्यांची नाटकमंडळी होती आणि मंडळीचा ढोल ते स्वतः वाजवत. त्यांनी आम्हा दोघींना एकमेकींवर आपटलं आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

"हिचा आवाज संपत नाही," ते म्हणाले. "लांब जातो आणि तिथे जाऊन उभा राहतो."

"मग राहू द्या. दुसरी दाखवतो."

"राहू कशाला देऊ? आमच्या धंद्याला अशीच लागते."

अशी मी लुकांच्या होडीत आले. नदी जिथे समुद्राला मिळते तिथली सगळी गावं आमची. समुद्राची देवी तिन हाऊ, तिच्या जत्रेत बांबूचा रंगमंच छप्पर-दारांसकट उभा करायचा, त्यावर खेळ करायचे, जत्रा उठली की बांबू सोडून न्यायचे. मागे जमिनीत नुसते खड्डे राहत. ते किती चांगले दिवस होते, मित्रांनो! लढाई आली की आम्ही कडाडायचो. राणी रडू लागली की गप्प व्हायचो. आणि भूत येणार असलं की वादक आम्हाला आपटत नसे. कडेवर कड ठेवून हळूच घासत असे. तो आवाज ऐकला की पुढच्या रांगेतल्या बायका पाय बाकावर ओढून घेत आणि मुठीतल्या भोपळ्याच्या बिया सोलायला विसरत. "लुकांची झांज म्हणजे लुकांचीच," असं लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं.

म्हाताऱ्यांचा मुलगा तिन-पो माझा पहिला वादक. एका वादळात शिडाच्या दोराने त्याच्या डाव्या हाताची बोटं नेली. दुसरा माणूस मिळेना, म्हणून त्याची बायको सौ-हान हिने आम्हाला उचललं.

"बाईच्या हातात झांज?" आचारी कोक म्हणाला. "उद्या मांजर ढोल बडवील."

"ताल असेल तर बडवू दे," म्हातारे म्हणाले. "तुझ्यापेक्षा बरंच बडवील."

सौ-हानला ताल होता. आणि तिला नजर होती. एक डोळा सासऱ्यांच्या टिपरूवर, दुसरा सगळ्यांवर: कुठली फळी हलते, कुठल्या दिव्याजवळ पडदा आलाय, कोण खोकतंय. मंडळीत तिला हसत. पण पडद्याने दोनदा पेट घेतला, तेव्हा दोन्ही वेळा तिच्यामुळेच वाचलो.

झांजेचा आवाज थांबवायचा तर तिला अंगाला लावावं लागतं. सौ-हानला दिवस गेले होते, तेव्हाही ती वाजवत असे आणि आवाज तोडायला आम्हाला पोटावर टेकवत असे. आतून कुणीतरी लाथ मारायचं. आधी ती लाथ आमच्या आवाजानंतर यायची. नंतर नंतर ती आवाजाच्या आधी येऊ लागली. हे फक्त मला आणि माझ्या जुळीला माहीत होतं. आम्ही कुणाला सांगणार?

मुलगी झाली. देवीसमोर एकदाच तिचं नाव उच्चारलं, फुंग-लोई, आणि ठेवून दिलं. आमच्याकडे मुलांना खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. ऐकणारे बरेच असतात. हाक मारायला नाव ठेवलं डुकरी. असल्या नावाच्या पोरीचा मोह कुणाला पडणार?

सौ-हानला मात्र एवढ्याने झोप येत नसे. झोपलेल्या मुलीच्या नाकाखाली बोट धरून ती श्वास बघायची. डुकरी रांगू लागली तेव्हा तिच्या कमरेला दोर आणि पाठीला वाळका भोपळा बांधला, होडीतून पडलीच तर तरंगावी म्हणून. पाच वर्षांची झाली तरी भोपळा सुटला नव्हता.

"सासरी जाताना पण हा भोपळा जाणार का गं?" कोक विचारायचा.

"जाऊ दे. नवऱ्याला भाजी होईल," डुकरीच उत्तर द्यायची.

ती बोलायची फार. सकाळी पेजेचं भांडं चढायच्या आधी सुरू. "आजोबा, पेजेला डोळे का येतात? आजोबा, वाघाची शेपटी कुणी शिवली? वाघ शी कुठून करतो? बाबा आत असताना वाघाला भूक लागली तर बाबाला लागते का?" म्हातारे लुक ढोलाला तेल लावता लावता म्हणायचे, "या पोरीला कुणीतरी मिटवा रे!" आणि गालातल्या गालात हसायचे.

आता वाघाचं सांगते. जिथे पूर्वी कधी खेळ झालेला नाही, अशा जागेवर मंच बांधला की पहिल्या खेळाआधी पांढऱ्या वाघाला जेवू घालावं लागतं. त्या जागेवर जे काही आधीपासून असेल, ते वाघाच्या रूपाने बोलवायचं, त्याच्या तोंडात कच्च्या चरबीचा तुकडा द्यायचा, गळ्यात साखळी घालायची आणि बाहेर काढायचं. मोठे नट हे काम अंगाला लावून घेत नाहीत. म्हणून वाघाचं कातडं तिन-पो घालायचा आणि तोंडाला काजळी फासून साखळीवाला सेनापती व्हायचा आचारी कोक. सगळं भरदुपारी, दारं बंद करून. आणि तेवढा वेळ कुणी एक शब्द बोलायचा नाही. नावाने हाक तर मुळीच नाही. बोलायचं फक्त ढोलाने, थाळ्याने आणि आम्ही.

शेवटी वाघ बाहेर गेला की झांज वाजवणाऱ्याने एक लांब ठोका द्यायचा आणि आम्हा दोघींना तोंडाला तोंड लावून मिटवायचं, पोटाशी घट्ट धरायचं. दुसऱ्या कुठल्याच खेळात आम्हाला असं मिटवत नाहीत. आम्ही मिटलो की माणसांची तोंडं उघडली. मग सगळे एकदम बोलू लागतात, विनाकारण हसतात, कुणी जोरात नाक शिंकरतं.

शा-मुन नावाचं गाव होतं. तिथल्या लोकांनी त्या वर्षी मंच नव्या जागी बांधला, खाडीच्या चिखलावर. भरती आली की फळ्यांखाली पाणी यायचं आणि बांबू कण्हायचे. आम्ही पोचलो त्या दुपारी दारं लावली. सौ-हानने डुकरीला कपड्यांच्या पेटीवर बसवलं, कमरेचा दोर खांबाला बांधला आणि तिचे दोन्ही गाल हातात धरले.

"मी झांज मिटून पोटाला लावेपर्यंत एक शब्द नाही. आजोबा बोलले तरी नाही, कुणी बोललं तरी नाही."

"आणि शिंक आली तर?"

"दाबायची. बोललीस तर वाघ आईला नेईल. कळलं?"

"आणि मग?"

"झांज मिटली की मग बोल हवं तेवढं."

डुकरीने दोन्ही ओठ आत ओढून घेतले. आईने सांगितलेलं मुलं कुठे ठेवतात, ते आपल्याला दिसत नाही, मित्रांनो. 

ढोल सुरू झाला. आम्ही कडा घासायला लागलो. वाघ चार पायांवर आला, थांबला, फळ्या हुंगू लागला. मी त्याला कितीदा तरी पाहिलं होतं. कातड्यात तिन-पो असतो, त्याच्या धापा ओळखीच्या असतात. त्या दिवशी धापा दोन होत्या. एक कातड्याच्या आतून आणि एक फळ्यांच्या खालून. भरती चढत होती, म्हणून असेल.

कोकने साखळी डोक्यावरून फिरवायला घेतली. चेहऱ्यावर काजळी, डोळ्यांत घाम, त्याला धड दिसत नव्हतं. आणि डुकरीला वाघाच्या कातड्याखालून बापाचे पाय दिसले. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, तोच पाय. ओलसर बांबूवरून दोर कधी सरकून सुटला, कोण जाणे. ती पेटीवरून उतरली आणि हसत, ओठ घट्ट मिटून, सरळ बापाकडे निघाली. साखळीच्या खाली.

सौ-हानने पाहिलं. आईच ती. तिच्या तोंडून डुकरी हे नाव बाहेर आलंच नाही.

"फुंग-लोई!"

साखळी कोकच्या हातातल्या हातात थबकली आणि मुलीच्या केसांना घासून गेली. आम्ही दोघी सौ-हानच्या मुठीतून सुटून फळ्यांवर पडलो. मी गोल गोल फिरत राहिले. वाघाने स्वतःचं डोकं उपटून फेकलं, तिन-पोने मुलीला उराशी धरलं. चरबीचा तुकडा फटीतून खाली पाण्यात पडला. आणि माझा आवाज, मित्रांनो, तो संपला असं सगळ्यांना वाटलं. तो फळ्यांमधून खाली गेला होता, चिखलात, आणि तिथे उभा राहिला होता.

बाहेरून गावकरी दार ठोकायला लागले. "झालं का? उघडायचं का? लोक आलेत!"

म्हातारे लुक हातातल्या टिपरूंकडे बघत होते. 

"मामंजी, झांज मिटवायची राहिली," सौ-हान म्हणाली.

"आता कुणावर मिटवतेस? आत कोण राहिलं आणि बाहेर कोण गेलं, तुला दिसतंय का? एका मंचावर हे एकदाच होतं. पुन्हा मांडलं तर दुसरा येईल."

"पण..."

"काही झालेलं नाही. कुणी काही बोललेलं नाही. दार उघड रे कोक. आणि तू, वाजव."

सौ-हानने तो खेळ वाजवला. आमच्या कडा एकमेकींना अशा घासत होत्या की लढाईतही भूत येतंय असं वाटत होतं. खेळ झाल्यावर तिने आम्हाला पेटीत ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. एक नवा वादक आला.

त्या रात्रीच्या जेवणात डुकरीने खारवलेल्या अंड्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशीही बोटच दाखवलं. म्हातारे म्हणाले, "बरं झालं, शहाणी झाली." गावोगावच्या बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणू लागल्या, "किती गुणी मुलगी! आमची कार्टी बघा." कुणी तिला गुळाची वडी दिली, कुणी कागदाची फुलं. गप्प मुलाचं जगात फार कौतुक होतं, मित्रांनो. सौ-हान एकटी तिच्या तोंडाकडे बघत राही. डुकरी झोपेतसुद्धा ओठ आत ओढून धरत होती. दाबून दाबून त्यांची कड पांढरी झाली होती.

तिन-पोचंही काहीतरी बिनसलं. तो पूर्वीसारखाच होता, सावकाश बोलायचा, एका हाताने जाळी विणायचा. पण तो गावात शिरला की कुत्री भुंकेनाशी होत. शेपट्या पोटात घालून भिंतीला चिकटून उभी राहत, तो जाईपर्यंत. एकदा कोक हसत म्हणाला, "काय रे, कुत्र्यांचा जावई झालास का?" कुणीच हसलं नाही. कोकही मग हसायचा थांबला.

एका गावात भीती उतरवणारी म्हातारी होती. तिने वाटीभर तांदूळ मुलीच्या सदऱ्यात गुंडाळले, कपाळावरून फिरवले आणि उघडून पाहिले. तांदूळ जसेच्या तसे, सपाट.

"घाबरलेल्या मुलाचे तांदूळ खचतात," ती म्हणाली. "ही घाबरलेली नाही. जीभ बघू गं... जीभ तर माझ्यापेक्षा धड आहे."

"मग बोलत का नाही, आजी?"

"ते मला विचारतेस? तू आई आहेस की मी?"

सौ-हान त्या दिवशी होडीच्या टोकाला बसून खूप रडली. मुलगी शेजारी बसून तिच्या पाठीवर थोपटत होती.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. कारण डुकरी रोज पेटीपाशी यायची. झाकण वर करायची, फडकं सोडायची, आम्हा दोघींना तोंडाला तोंड लावायचा प्रयत्न करायची. आम्ही तिच्यासाठी जड होतो. शिवाय कुणीतरी ओरडायचंच, "ए, झांजेला हात नको! कड बोट कापील!" ती परत जायची. तिला काय हवंय हे ओरडून सांगावं असं मला वाटे. पण आम्हाला कुणी हलवल्याशिवाय आम्हाला आवाज नसतो. 

एका सकाळी सौ-हान पाटावर बसून कपडे आपटत होती. डुकरीने मला आणि माझ्या जुळीला फडक्याने ओढत ओढत आणलं. आमच्या कडांनी होडीच्या फळीवर दोन लांब ओरखडे पडले. तिने आधी मला उभं केलं, मग जुळीला माझ्यावर टेकवलं आणि सगळा जोर लावून आम्हा दोघींना आईच्या पोटावर दाबलं. ओले कपडे, गार कांसं, सौ-हान दचकली. आणि मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ मिटलेले. डोळे मोठे. वाट बघत.

सौ-हानच्या हातातला सदरा पाण्यात वाहून गेला. तिला ते कळलंही नाही.

"अगं माझ्या बाई," ती अगदी हळू म्हणाली. "तू अजून तिथेच आहेस?"

ती तशीच, ओल्या कपड्यांनिशी, सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"मामंजी, शा-मुनला जायचं."

"जत्रा पुढच्या वर्षी."

"आजच."

"तिथे काय आहे आता? मंच नाही, छप्पर नाही. मोकळ्या जागेत ते बोलावलं तर आवरणार कसं? मी तेव्हाच म्हणालो, दुसरा येईल."

"येऊ दे. पहिला माझ्या मुलीच्या तोंडात बसलाय."

म्हातारे बराच वेळ ढोलाच्या कातड्यावर नखाने टकटक करत राहिले. मग शिडाकडे न बघताच ओरडले, "शीड वळवा! आणि कोक, चरबी आहे का रे?"

"तुकडाभर आहे. रात्रीच्या भाजीसाठी ठेवला होता."

"आज भाजी कोरडी कर."

शा-मुनला पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि ओहोटी लागली होती. चिखलात मंचाच्या खांबांचे खड्डे तसेच होते, रांगेने, थेट समुद्राच्या दिशेने गेलेले. प्रत्येकात थोडं थोडं पाणी साचलेलं. काठावर एक बाई शिंपले वेचत होती.

"इथे कशाला आलात?" ती म्हणाली. "जत्रेपासून आम्ही इथे जाळी वाळत घालत नाही. बदकं बघा, पार तिकडून वळसा घालून जातात."

"का?"

"बदकांना विचारा," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

कोकने पातेल्याच्या बुडाची काजळी तोंडाला फासली. म्हाताऱ्यांनी ढोल मांडीत घेतला. तिन-पोने वाघाचं कातडं उचललं आणि थांबला.

"मी आत गेल्यावर बाहेर मीच येईन ना?" त्याने बायकोला विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं.

"तुझे पाय मी ओळखते," सौ-हान म्हणाली. "मुलगीही ओळखते."

तिने डुकरीला एका उलट्या टोपलीवर बसवलं. दोर बांधला नाही. मग फडकं मुठींना गुंडाळलं. किती दिवसांनी मला तिचे तळवे लागले. 

ढोल. थाळा वाजवायला कुणी होडीतून उतरलं नव्हतं, तर ती जागा रिकामी सोडून म्हातारे वाजवत राहिले. आम्ही कडा घासल्या. वाघ चिखलातून आला. त्याच्या हातापायांचे ठसे उमटत होते, आणि मला दिसलं, त्याच्या बाजूने आणखी ठसे उमटत होते. थोडे मागे, थोडे तिरपे. जणू कुणाला चालायचा कंटाळा आलाय. कोकने ते पाहिले. काजळीखाली त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण साखळी किणकिणायला लागली. तरी तो थांबला नाही. त्याने चरबीचा तुकडा वाघाच्या तोंडात दिला, साखळी गळ्यात अडकवली, आणि त्याला ओढत खड्ड्यांच्या रांगेच्या टोकापर्यंत, पाण्यापर्यंत नेलं.

सौ-हानने लांब ठोका दिला. मग आम्हा दोघींना तोंडाला तोंड लावून मिटवलं आणि पोटाशी धरलं.

शांतता. खाडीवर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

डुकरी बोलली नाही.

ती आईकडे बघतही नव्हती. ती खड्ड्यांकडे बघत होती. वारा नव्हता. काठाजवळच्या पहिल्या खड्ड्यातलं पाणी थरथरलं आणि निवलं. मग दुसऱ्यातलं. मग त्याच्या पुढच्यातलं. सावकाश, एकामागून एक, थरथर समुद्राकडे निघाली होती. टोकाला तिन-पो वाघाचं डोकं काखेत घेऊन उभा होता. शेवटच्या खड्ड्यातलं पाणी त्याच्या पायाशी थरथरलं. तो बाजूला सरकला, वाट दिल्यासारखा. आणि समुद्रावर एक बारीक सुरकुती लांब, लांब जाऊन दिसेनाशी झाली. आमचा तो पहिला आवाजही तिच्याबरोबर गेला. माझ्या काशातून काहीतरी सैल झालं, त्यावरून मला कळलं.

तेव्हा डुकरीने मान वळवली. ओठ सुटले.

"आई, आता बोलू?"

 सौ-हान आम्हाला पोटाशी धरून तशीच चिखलात बसली. 

"बोल गं डुकरे, बोल!" म्हातारे लुक फाटक्या आवाजात ओरडले. "मेल्या, काय बघतोस कोक, तिला बोलू दे!"

"मी कुठे तिचं तोंड धरलंय?" कोक म्हणाला आणि काजळीवरून पाणी पुसायला लागला.

"तू मधेच बोललीस," डुकरी आईला म्हणाली. आवाज गंजल्यासारखा होता. "मी नाही बोलले. मला शिंक आली तरी दाबली. सगळ्या शिंका दाबल्या."

"हो गं. हो माझं बाळ. चुकलं माझं."

"आणि तो पण थांबला होता. त्याला पण कुणी सांगितलं नव्हतं, संपलं म्हणून."

"कोण?"

पण ती टोपलीवरून उतरून बापाकडे पळाली होती. गावातून आलेलं एक पिवळं कुत्रं काठावर उभं राहून तिन-पोवर जिवाच्या आकांताने भुंकत होतं. एवढं गोड भुंकणं मी ऐकलेलं नाही. होडीत चढेपर्यंत डुकरी बोलत होती, पेज शिजेपर्यंत बोलत होती, आणि म्हातारे एकदाही म्हणाले नाहीत की हिला मिटवा.

मित्रांनो, त्यालाही आता फार वर्षं झाली. मंडळी मोडली. म्हातारे गेले, ढोलाचं कातडं उंदरांनी खाल्लं. तिन-पो आणि सौ-हान म्हातारे झाले. फुंग-लोई बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते. तिचा आवाज पार धक्क्याच्या टोकापर्यंत जातो. तिला आता खऱ्या नावाने हाक मारतात आणि ती भीत नाही. मी देवीच्या देवळामागच्या खोलीत आहे. कड एका जागी चिरली आहे, अंगावर हिरवं चढलं आहे. कुणी मला घासावं, पुसावं, असं वाटतं. जुन्या वाद्याला माणसाचा हात लागत राहिला तर ते जगतं. पण माझं मागणं तेवढंच नाही.

तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्या घरी लहान मुलं असतील. कधी त्यांना गप्प बसा म्हणाल, कधी इथेच थांब, हलू नकोस म्हणाल. म्हणावं लागतं. बाहेर साखळ्या फिरत असतात. पण सांगून तुम्ही विसरून जाल, आणि ती विसरणार नाहीत. म्हणून परत या. त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसा आणि मोठ्याने सांगा, "झालं. आता संपलं."

आणि सांगताना खोलीत फक्त मूलच आहे असं समजू नका. जरा मोठ्याने सांगा.